बोटीच्या तळाचा जुना रंग: खरवडायचा की वरून हात मारायचा?

हर्णैचा_नाखवा
परवा एका महाशयांनी लिहिलं, ‘जुना ॲन्टीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून मारतो तो रंग) काढत बसणं ही नसती हौस. दर वर्षी तळ धुवा आणि वरून एक हात मारा.’ दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

हेच मी अकरा वर्षं केलं. फायबरची बोट, अकरा हंगाम, अकरा हात. कधी निळा, कधी तांबडा, दुकानात जो स्वस्त मिळेल तो. गेल्या ऑक्टोबरात पंख्यात दोर अडकला म्हणून पोरगा खाली उतरला, वर येऊन म्हणतो, ‘बाबा, तळ सोललाय.’ ओहोटीला बोट टेकवून बघितली तर ताटाएवढ्या खपल्या गेलेल्या. एक खपली हातात घेतली. कडेला निळे-तांबडे थर, मोजून घ्या. आणि जिथून ती सुटली तिथे बार्नेकलची, म्हणजे तळाला चिकटणाऱ्या कवचवाल्या जिवांची, दाट वस्ती. डिझेल का जास्त जळत होतं ते तेव्हा कळलं.

या मे महिन्यात पूर्ण उतरवला. दोन माणसं, नऊ दिवस. पटाशीची टोकं आधी कानशीने गोल करून घेतली, नाहीतर जेलकोटात (फायबरवरच्या गुळगुळीत थरात) चरे पडतात. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी मारत मारत. कोरडा ग्राइंडर लावू दिला नाही. पावसाच्या आत इपॉक्सीचा थर दिला. ॲन्टीफाउलिंग आता बोट पाण्यात ढकलायच्या तोंडावर. बोला.

जुना_खलाशी
ते महाशय मीच. नाव घेऊन लिहायला काय झालं होतं?

तुमच्या गोष्टीत दोष रंगाचा नाही, ‘स्वस्त मिळेल तो’ याचा आहे. झिजणाऱ्या मऊ रंगावर कडक रंग फासलात तर खालचा मऊ थर वरच्याला घेऊन सुटणारच. माझी बोट चौदा वर्षांची. पहिल्यापासून एकाच जातीचा झिजणारा रंग. हंगामभर समुद्रच तो खातो, थर साचायचा प्रश्नच नाही. मग खरवडायचं काय, बोटीचं नशीब?

साधी परीक्षा आहे. ब्लेडने फुली मारा, वर चिकटपट्टी दाबून लावा, खसकन ओढा. रंग पट्टीवर आला तर काढा. नाही आला तर घरी जाऊन झोपा. नऊ दिवस दोन माणसांची मजुरी देऊन वर आम्हाला शिकवू नका.

सागवानीच_बरी
फायबर आलं तिथेच धंदा बसला. आमचे आजोबा अळशीच्या तेलात शेंदूर कालवून स्वतः तळाला लावायचे. कसला जेलकोट नि कसलं काय.

खाडीकाठची
आजोबांना नमस्कार, पण शेंदूर म्हणजे शिसं. तेही खरवडून मातीतच गेलं असणार.

नाखवादादा, एवढं बारकाईने लिहिलंत, पटाशीची टोकंसुद्धा सांगितलीत. नऊ दिवसांचा खरवडा कुठे गेला ते मात्र लिहिलं नाहीत.

हर्णैचा_नाखवा
कुठे जाणार? खाली वाळूत पडला. जूनमध्ये पाऊस आला.

खाडीकाठची
म्हणजे खाडीत गेला. ओला घासलात ते चांगलं केलंत, धूळ तुमच्या छातीत गेली नाही. पण तोच रंग चिखल होऊन खाली उतरला. त्यात तांब्याचा ऑक्साइड असतो. बार्नेकल बसत नाही ते त्या विषामुळेच, आणि तळावरून सुटलं म्हणून ते विष संपत नाही. माझी आई अजून ओहोटीला कोयती घेऊन खडपावर जाते, कालवं काढते. कालवं पाणी गाळून जगतात. जे पाण्यात असेल ते त्यांच्या पोटात, मग आपल्या.

फ्रान्समध्ये आर्काशॉन नावाचा उपसागर आहे, कालवांसाठी प्रसिद्ध. तिथे बोटींच्या रंगातल्या टीबीटी नावाच्या कथिलयुक्त विषाने कालवांची कवचं जाड, वेडीवाकडी झाली, पिल्लं धरेनात. १९८२ मध्ये त्यांना २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर तो रंग बंद करावा लागला.

जुना_खलाशी
आल्या कालवं घेऊन! ताई, वरच्या औद्योगिक वसाहतीतून रात्री काय सोडतात ते आधी विचारा. मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात तेव्हा कुठे असता? सगळं पाप कोळ्याच्या पटाशीचं?

खाडीकाठची
तेव्हा मी काठावरच असते. मेलेले मासे प्लास्टिकच्या पिशवीत भरून तक्रार द्यायला आम्ही चौघी गेलो होतो. तुम्ही त्या दिवशी कुठे होतात? त्यांनी घाण केली म्हणून आपणही करायची, हा कुठला हिशेब?

परतावा_कधी
डिझेलवरच्या कराचा परतावा वेळेवर द्या, सोन्याच्या पटाशीने खरवडतो.

साउथॅम्प्टनचा_पाटील
इथे माझी २७ फुटी शिडाची बोट आहे. खाली ताडपत्री, सँडरला व्हॅक्यूम जोडलेला, खरवडा घातक कचऱ्यात जातो. दोन गोष्टी सांगतो. हीट गनने हा रंग मऊ करायच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो. आणि साधा एन-९५ मास्क धुळीपुरता. रंग काढायचं रसायन वापरलंत तर त्याची वाफ तो अडवत नाही.

टीबीटीबद्दल: सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारात तो बंद आहे. जुना थर असेल तर एक तर काढायचा, नाहीतर वरून सीलरने बंद करायचा, दोन्ही चालतं.

जुना_खलाशी
वा पाटील! वरून झाकलं तरी चालतं. म्हणजे आंतरराष्ट्रीय करारही माझ्याच बाजूचा. व्हॅक्यूमचं मात्र राहू द्या. तुमची हौस, आमचं पोट.

खाडीकाठची
‘सीलरने’ हा शब्द सोयीने गिळलात, काका.

हर्णैचा_नाखवा
आणि सुटायला आलेल्या थरावर सीलर मारलं तर सीलरसकट खाली येईल. बरं, काकांची चिकटपट्टी मला मान्य. अकरा वर्षांपूर्वी सांगितली असती तर दोन खोकी रंग वाचला असता.

ताई, तुमचंही मान्य. पुढच्या वेळी खाली ताडपत्री घालतो, खरवडा वाळवून पोत्यात भरतो. मग ते पोतं न्यायला कोण येणार? ग्रामपंचायतीची घंटागाडी?

खाडीकाठची
आज कोणी येणार नाही, हे मलाही माहीत आहे. निदान उधाणाच्या रेषेच्या वरच्या बाजूला, छपराखाली ठेवा. बंदरात तीस-चाळीस बोटी असतील, तितकी पोती एका जागी दिसली तर कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवता येतील. मेलेले मासे नेले होते तशीच.

सागवानीच_बरी
ते शेंदराचं खरं का? घराच्या माळ्यावर अजून एक डबा आहे.

खाडीकाठची
खरं. झाकण उघडू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

जुना_खलाशी
काल संध्याकाळी माझ्याच बोटीला चिकटपट्टी लावली. आठ ठिकाणी. दोन ठिकाणी रंग आला, एक नाळेजवळ (पुढच्या टोकाला), एक पंख्याच्या वर. फक्त दोन. बाकी घट्ट आहे.

नाखवा, ती गोल केलेली पटाशी दोन दिवसांसाठी मिळेल का?