अनुभव धागा: शत्रूचं जहाज शोधायचं कसं आणि गाठायचं कसं (सायलेंट हंटर ३)

सदाशिवकर (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायचा हा संगणक-खेळ २००५ चा, पण पुण्यात आजही खेळणारे आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच: "टॉर्पेडो लागत नाही." टॉर्पेडोचा दोष क्वचितच असतो. पेरिस्कोप वर काढायच्या दोन तास आधीच गणित चुकलेलं असतं. म्हणून या धाग्यात फक्त दोन गोष्टी: जहाज सापडतं कसं आणि त्याच्या वाटेवर त्याच्याआधी पोचायचं कसं. शौर्यकथा नकोत, आकडे लिहा. नकाशावर जहाजं आपोआप दाखवणारी सोय बंद आणि नेम हाताने, हे गृहीत धरलंय.

कोथरूडची कप्तान

सुरुवात कानांपासून. मूळ खेळात स्वच्छ दिवसाही पहारेकऱ्यांना साधारण ८ किलोमीटरपर्यंतच दिसतं आणि धुक्यात तर नाकासमोरचं. हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, त्याच्या कितीतरी पट लांबचं ऐकू येतं. पण सातव्या प्रकारच्या (टाइप VII) पाणबुडीत तो पृष्ठभागावर चालत नाही, बुडी मारावीच लागते.

क्रम असा: १० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पृष्ठभागावरून दीड तास जा. म्हणजे १५ सागरी मैल, सुमारे २८ किलोमीटर. मग २५ मीटरवर जाऊन इंजिन बंद करा आणि बोट थबकू द्या. वेग असेल तर आपल्याच पंख्यांची घरघर ऐकत बसाल. त्यानंतर हायड्रोफोनची दिशा बदलणारं चाक स्वतः फिरवा. सोनारवाला "काही नाही" म्हणाला म्हणून लगेच वर येऊ नका. त्याचे कान तुमच्यापेक्षा कमी लांबचं पकडतात. पूर्ण फेरी सावकाश घ्या, दोन-तीन मिनिटं तरी. मालवाहू जहाजाचा आवाज जड आणि संथ, धप... धप... असा. डिस्ट्रॉयरचा बारीक, भराभर, शिलाई मशीन चालावं तसा. एकाच दिशेच्या आसपास चार-पाच जड आवाज एकमेकांत मिसळलेले असतील, तर तो कॉन्व्हॉय, म्हणजे संरक्षणात चाललेला जहाजांचा ताफा.

टाइम कॉम्प्रेशन (खेळातला वेळ पळवायची सोय) १०२४ पटीवर ठेवून झोपणाऱ्यांना एक सूचना. त्या गतीला पहारेकऱ्याने हाक मारेपर्यंत जहाज डोक्यावर आलेलं असतं. २५६ च्या वर जाऊ नका. दुपारी १ ते ४ मध्येसुद्धा.

वडगावशेरी_७सी

आवाज मिळाला की लोक त्याच्याच दिशेने नाक वळवतात. मग शेपटीमागे धावत राहतात. पाण्याखाली आपला कमाल वेग साडेसात नॉट, तोही तासाभरात बॅटरी संपवणारा. ८ नॉटचं जहाज एकदा पुढे निघून गेलं की पाण्याखालून ते मिळत नाही.

नळ स्टॉपच्या चौकाकडे स्कूटरवरून जाताना आडव्या रस्त्याने रिक्षा येतेय. ती तुमच्या खांद्याच्या रेषेत, त्याच कोनात दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर धडक नक्की. कोन पुढे सरकला तर ती तुमच्या पुढून जाईल, मागे सरकला तर मागून. चौकात जे टाळायचं, तेच इथे साधायचं. स्वतःची दिशा आणि वेग कायम ठेवून १५-१५ मिनिटांनी बेअरिंग, म्हणजे जहाज कुठल्या कोनात आहे ते, घ्या. कोन स्थिर आणि आवाज वाढतोय, म्हणजे वाट बरोबर.

इथे हमखास होणारी चूक: खेळ बेअरिंग बोटीच्या नाकापासून देतो, उत्तरेपासून नाही. त्यात आपली दिशा मिळवा, बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करा. दिशा १२०, बेअरिंग ३००, बेरीज ४२०, म्हणजे नकाशावर ०६०. हे न करता रेघ मारली की जहाज अटलांटिकच्या भलत्याच कोपऱ्यात जातं.

सदाशिवकर

रिक्षा दिशा न बदलता सरळ येते, हे गृहीतक पुण्यात धाडसाचं आहे. बाकी मान्य.

नातूबागेतला

पुढचा टप्पा म्हणजे वळसा. दिसण्याच्या टोकावर, धूर किंवा डोलकाठी जेमतेम दिसेल एवढं अंतर राखून समांतर चाला आणि वेग काढा. सूत्र ३ मिनिटं १५ सेकंदांचं: तेवढ्या वेळात जहाज जितके शे मीटर सरकलं, तितके नॉट. ७०० मीटर सरकलं तर ७ नॉट. नकाशावर दोन खुणा आणि स्टॉपवॉच, बस.

कॉन्व्हॉय ८ नॉटने चाललाय, तुम्ही पृष्ठभागावर १६ ने. बरोबरीला असताना १५ मैल पुढे निघायला कागदावर दोन तास लागतात. प्रत्यक्षात वळसा लांबचा पडतो, म्हणून तीन धरा. समुद्र खवळलेला असेल तर आणखी. पुढे पोचल्यावर त्यांच्या वाटेला काटकोनात बोट उभी करा, बुडी मारा, पुन्हा कान लावा.

कोथरूडची कप्तान

नेम धरण्याबद्दल थोडक्यात, कारण इथवर बरोबर आलात तर नेम सोपा असतो. जहाज काटकोनात आडवं येत असेल तर टॉर्पेडो किती पुढे सोडायचा, याचं सूत्र: जहाजाचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग, हा त्या कोनाचा टॅन्जंट. ८ नॉटचं जहाज आणि ३० नॉटचा विजेवरचा टॉर्पेडो असेल तर साधारण १५ अंश. ४४ नॉटवर लावलेला वाफेचा असेल तर १० अंश, पण तो बुडबुड्यांची रेघ सोडतो, दिवसा नकोच.

वेग पुन्हा तपासा. बोट थांबवा, पेरिस्कोपची उभी रेघ स्थिर ठेवा, नाळेपासून शेपटीपर्यंत जहाज रेघ ओलांडायला किती सेकंद घेतं ते मोजा. लिबर्टी जहाज सुमारे १३४ मीटर लांब. ३५ सेकंद लागले तर १३४ भागिले ३५ गुणिले १.९४, म्हणजे ७.४ नॉट.

जवळून मारा असं का म्हणतात? वेगात एका नॉटची चूक झाली तर १००० मीटरवरून ३० नॉटचा टॉर्पेडो ३३ मीटर बाजूला जातो. मध्यावर नेम असेल तर तरीही लागतो. ३००० मीटरवरून तीच चूक १०० मीटरची होते आणि टॉर्पेडो नाळेपुढून किंवा शेपटीमागून निघून जातो. आणि ३०० मीटरच्या आत शिरू नका, तेवढं धावल्याशिवाय स्फोटक जिवंतच होत नाही.

वडगावशेरी_७सी

वळसा १९४२ पर्यंत ठीक. १९४३ मध्ये विमानांवर १० सेंटिमीटरचं रडार आलं आणि मेटॉक्सला (पाणबुडीवरच्या रडार-सूचक यंत्राला) ते ऐकूच येत नाही. तेव्हा दिवसभर खाली, बॅटरी भरायला रात्री वर, आणि वळसा घालण्यापेक्षा वाटेवर आधीच दबा धरून बसणं.

नुसतं ऐकून नेम धरता येतो का, असं विचारणाऱ्यांसाठी: ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली युद्धनौका 'खुखरी' बुडवली, ती पेरिस्कोपवर नव्हे, सोनारवरच विसंबून. तिच्याकडे अर्थातच तीस वर्षं पुढची यंत्रं होती.

नातूबागेतला

एक राहिलं. पाण्याखाली असताना किंवा जवळपास जहाजं असताना सेव्ह करू नका, फाइल बिघडते. पृष्ठभागावर, मोकळ्या समुद्रात करा. गुरुवारी वीज जाणार असेल तर सकाळी कॉन्व्हॉयला हात घालू नका, इन्व्हर्टरची बॅटरी बोटीच्या बॅटरीआधी संपते.