मदत हवी आहे: अडीच आणि पाच वर्षांच्या मुलांचा टीव्ही कमी करायचा आहे

दोन_चिमण्या:
मुलगी ५ वर्षांची, मुलगा अडीच. सोबत आजी-आजोबा. रोजचा हिशेब असा: सकाळी दूध-नाश्त्याला ४० मिनिटं, दुपारच्या जेवणाला ४५, संध्याकाळी स्वयंपाक उरकेपर्यंत दीड तास. शिवाय ७ ते साडेनऊ मालिका, तेव्हा मुलं तिथेच खेळतात. धाकटा टीव्हीशिवाय घास घेत नाही. टीव्ही घरातून काढणं शक्य नाही. सुरुवात कुठून करू?

वरणभात:
बेरीज साडेपाच तासांच्या घरात जाते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास आहे. पण सगळीकडून थोडं थोडं कापू नका, ते टिकत नाही. एक वेळ पकडा आणि तेवढी पूर्ण बंद करा. पहिली वेळ जेवणाची.

टीव्हीसमोर मूल तोंड उघडतं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही, चवही कळत नाही. म्हणून आधी भूक लागू द्या. जेवणापूर्वी दीड-दोन तास दूध, बिस्किट, फळ काही नाही, फक्त पाणी. बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं: ११ वाजता पेलाभर दूध आणि साडेबाराला जेवणाची अपेक्षा.

ताटलीत २-३ चमचे वरणभात, एक-दोन फोडी भाजी, बस्स. त्याच्या हाताने खाऊ द्या, खाली जुनी चादर अंथरा. टीव्ही दिसणार नाही अशा जागी बसवा आणि मोठ्यांपैकी कुणीतरी सोबत जेवायला बसा. २०-२५ मिनिटांनी ताट उचला, न रागावता. अर्ध्या तासाने ‘उपाशी राहिलाय’ म्हणून बिस्किट दिलंत की सगळं पाण्यात. पुढचं खाणं ठरल्या वेळीच.

पहिले काही दिवस खाणं कमी होईल. एका जेवणावर जाऊ नका, आठवड्याचा अंदाज घ्या. वजन वाढत नसेल, घास तोंडात धरून ठेवत असेल किंवा चावताना ठसका लागत असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कणकेचा_गोळा:
संध्याकाळच्या दीड तासातला अर्धा तास टीव्हीला ठेवा, पण स्वयंपाकातल्या सगळ्यात अडचणीच्या वेळी, म्हणजे फोडणी आणि पोळ्यांच्या वेळी. गॅसजवळ मुलं नकोत तेव्हाच. बाकी वेळ त्यांना ओट्यापासून लांब, पण तुम्ही दिसाल असं जमिनीवर बसवा. लिंबाएवढा कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं, कोथिंबिरीची पानं खुडणं, झाकणं आणि डब्यांच्या जोड्या लावणं. मटार सोलायला फक्त मोठीला द्या. धाकट्याच्या हाती मटार, शेंगदाणे, हरभरे नकोत, नाकात-घशात जातात.

यूट्यूब असेल तर टीव्हीवरच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा, नाहीतर ‘एकच’ कधी संपत नाही. गूगल टीव्ही असेल तर मुलांचं वेगळं प्रोफाइल करून रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ घालता येते. पिन मुलांसमोर टाकू नका, पाच वर्षांचं मूल आकडे लक्षात ठेवतं.

दोन_चिमण्या:
धन्यवाद. बंद केल्यावर अर्धा तास रडतो, त्याचं काय? आणि सासूबाईंना न दुखवता मालिकांचं कसं करावं?

वरणभात:
रडणं आधी वाढतं, मग कमी होतं. पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जोर असतो आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी विरघळतं. मग मूल शिकतं की जास्त रडलं की मिळतं. म्हणून सुरुवातीलाच चारही मोठ्यांचं एकमत हवं. गोष्ट मध्येच तोडू नका, भाग संपला की बंद. पाच मिनिटं आधी सांगा, बटण त्यालाच दाबू द्या आणि लगेच पुढचं काम हातात द्या: बादली-मग, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी. रडला तर जवळ बसा, पण समजावणीचं भाषण नको.

सांजवात:
मालिकांबद्दल. मागे नुसता चालू असलेला टीव्हीही मोजायलाच हवा. त्यात मुलांचा खेळ तुटतो आणि मोठे मुलांशी कमी बोलतात. आजी-आजोबांचा दिवसातला हा हक्काचा विरंगुळा आहे, त्यामुळे ‘बंद करा’ म्हणू नका, वेळ हलवा. बऱ्याच मराठी वाहिन्या आदल्या दिवसाचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. मुलगी शाळेत आणि धाकटा झोपलेला असताना तो लावून द्या.

एखादी मालिका त्यांना रात्रीच हवी असते. ती साडेआठनंतर, मुलं आतल्या खोलीत गोष्ट ऐकत असताना. आवाजासाठी हेडफोन घेणार असाल तर आधी टीव्हीच्या मागे जॅक आहे का पाहा. ब्लूटूथवर कधी ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ज्येष्ठांना त्याचा फार त्रास होतो. वायरवाले दोन हेडफोन आणि एका जॅकमधून दोन्ही लावायला एक स्प्लिटर सोपा पडतो.

आणि ७ वाजताची रिकामी झालेली वेळ आजीच्याच हाती सोपवा, दिवा लावणं, शुभंकरोति, मग एक गोष्ट. त्यांच्याकडून काही काढून घेतलं असं त्यांना वाटता कामा नये.