खोका प्लास्टिकचा का दिसतो
4के टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचा बारीक तपशिलाचा फोटो) लावूनही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला पुठ्ठ्याचा खोका प्लास्टिकचा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं दोष फोटोचा नाही. मटेरियलमध्ये मेटॅलिक (धातूसारखेपणा) 0 आणि रफनेस (खरखरीतपणा) 0.8 च्या पुढे ठेवून बघा. रफनेस मॅप आणि नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास देणारं चित्र) यांना कलर स्पेस 'नॉन-कलर' दिलाय ना, म्हणजे ब्लेंडर त्यांना रंग न समजता नुसते आकडे समजेल? हे हमखास राहून जातं.

मी वाशीच्या फळ मार्केटमधून हापूसचा रिकामा खोका घरी आणला आणि खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरला. सपाट वाटणाऱ्या पुठ्ठ्यावर आतल्या पन्हळीच्या पुसट, समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या! चिकटपट्टी ओढून काढलेल्या जागी वरचा कागद सोलून तंतू उभे राहिले होते. ते बघितल्यापासून मी तयार टेक्स्चरवर विसंबत नाही.

रेघा नॉर्मल मॅपमध्ये अगदी हलक्या द्या. माप मात्र चुकवू नका: सी फ्लूटचा (पन्हळीचा एक ठरावीक आकार) पुठ्ठा साधारण 4 मिमी जाड असतो आणि एका लाटेपासून दुसरी जवळपास 8 मिमीवर. कापलेली कड जवळून दिसणार असेल तर तिथली नागमोड सरळ मॉडेलच करा. आणि यूव्ही उलगडताना (टेक्स्चर बसवण्यासाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट पसरताना) चारही बाजूंवर रेघा उभ्या ठेवा. नेहमीच्या खोक्यात त्या तशाच असतात, कारण वरच्या थप्पीचं वजन त्याच पेलतात.