'परीकथे'तील परी कोणती?

'परीकथा' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की तो बदलावा असे मी सुचवणार नाही. मात्र त्यातील 'परी' आणि मूळ फ्रेंच संज्ञेतील ('फेंच्या कथा' या अर्थाच्या) 'फे' यांचे कूळ एक नाही, आणि हा फरक ध्यानात घेतला नाही तर त्या कथांचा गाभाच निसटतो, असे मला वाटते.

मराठीतील 'परी' फारसीतून आली. तिची पूर्वज अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील 'पैरिका' ही दुष्ट चेटकीण होती; पुढे फारसी काव्यात तीच लावण्यवती झाली, म्हणून आपण सुंदर मुलीला सहज 'परी' म्हणतो. फ्रेंच 'फे' मात्र लॅटिन 'फाता'पासून, म्हणजे नियती ठरवणाऱ्या देवतेच्या नावापासून आली. इंग्रजी 'फेअरी'ही याच घराण्यातली आहे. ध्वनिसाम्यामुळे 'परी' हा प्रतिशब्द फार सोयीचा ठरला. अर्थाने पाहिले तर जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी आपली सटवाई 'फे'ला अधिक जवळची आहे.

फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ मधील संग्रहातील निद्रिस्त राजकन्येची कथा या दृष्टीने वाचावी. बारशाच्या मेजवानीला सात फे धर्ममाता म्हणून बोलावलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर भरीव सोन्याची पेटी मांडलेली असते. पन्नास वर्षांहून अधिक काळ मनोऱ्याबाहेर न पडलेली आठवी वृद्ध फे अनपेक्षितपणे येते; तिच्यासाठी तशी पेटी नसते. हा अपमान तिच्या जिव्हारी लागणार हे ओळखून एक तरुण फे पडद्याआड लपते, कारण शेवटी बोलणारीलाच आधीचे अशुभ सावरता येते. तरीही तिला शाप पुसता येत नाही, मृत्यूच्या जागी शंभर वर्षांची झोप तेवढी देता येते. इथे फेचे सौंदर्य गौण असून तिचा शब्द निर्णायक आहे.

ही संज्ञा रूढ होण्याचे श्रेय पेरोला दिले जाते, तेही तपासून पाहावे. त्याच्या संग्रहाचे शीर्षक 'गतकाळच्या कहाण्या किंवा कथा, बोधासह' अशा अर्थाचे होते. 'फेंच्या कथा' हे शीर्षक त्याच वर्षी मादाम दोल्नुआ यांनी आपल्या संग्रहाला दिले. त्यांची या प्रकारातील पहिली कथा तर १६९० मध्येच एका कादंबरीच्या पोटात छापली गेली होती. दोल्नुआ, लेरितिए, म्युरा या लेखिका चौदाव्या लुईच्या काळातील पॅरिसच्या बैठकांमध्ये वावरणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या वाचकवर्गात प्रामुख्याने प्रौढ स्त्री-पुरुष होते. मनाविरुद्ध लावलेली लग्ने हा त्यांच्या कथांतील वारंवार येणारा विषय आहे. दोल्नुआ यांचे स्वतःचे लग्न कोवळ्या वयात त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या सरदाराशी लावून दिलेले होते, हे माहीत असले की भविष्य बदलण्याची ताकद असलेली स्त्री त्यांनी पुन्हा पुन्हा का रंगवली असेल, याचा अंदाज येतो.

म्हणूनच या काळाबद्दल लिहिताना 'परीकथा' आणि 'बालकथा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 'सुंदरी आणि पशू' ही कथा मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये विस्ताराने लिहिली होती. मुलींच्या शिक्षणासाठी तिचे आटोपशीर रूप मादाम लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये केले, आणि आज जगभर सांगितले जाते ते मुख्यतः हेच. ज्या कथांत फे मुळीच नाही, उदाहरणार्थ लाल टोपीवाली मुलगी, त्यांना मी 'अद्भुतकथा' म्हणेन.