कावीळ उतरल्यावर पाईपात साधा बर्ली तंबाखूच बरा, की पाईपच सोडावा?

रामबागी (धागाकर्ता)
कावीळ झाली होती, ए टाईप, खराब पाण्यातून होते ती. डोळे पिवळे व्हायच्या आधीच पाईप नकोसा झाला, तंबाखूचा डबा उघडला तरी मळमळायचं. डॉक्टर हसून म्हणाले की हे जुनं लक्षण आहे, काविळीत भल्याभल्या सिगरेटवाल्यांना सिगरेटचा वास सहन होत नाही. आता बिलिरुबिन खाली आलंय, भूक लागते, मऊ भात नि मुगाचं वरण गोड लागतंय (फोडणी अजून बंद, पोह्यावर शेव तर विचारूच नका) आणि संध्याकाळ झाली की पाईपाची आठवण येते.

माझं म्हणणं एवढंच, आजारातून उठल्यावर ती लाटाकियावाली भारी मिश्रणं कामाची नाहीत. लाकडाच्या धुरावर शेकलेलं पान ते, रिकाम्या पोटाला झेपत नाही. व्हर्जिनिया तंबाखूत साखर जास्त, जीभ आधीच कोरडी पडलेली असते ती पार भाजून निघते. बर्ली हवेवर सावकाश वाळवतात, त्यात पानातली साखर जवळजवळ संपते, धूर कोरडा आणि साधा, थोडा भाजलेल्या शेंगदाण्याकडे झुकणारा. प्रिन्स अल्बर्ट हा बर्लीवाला ब्रँड घ्या, १९०७ पासून चालू आहे, भाचा अमेरिकेहून येताना आणतो. काही शोधायला लागत नाही त्यात, डोकं चालवायला नको, हेच तर पाहिजे असतं आत्ता. अर्धा पाईप भरायचा नि गॅलरीत बसायचं. बोला.

मोठी_वहिनी
बोलते. शरीराने स्वतःहून तंबाखू बंद करून दिली, एक पैसा खर्च नाही, आणि तुम्ही लिव्हर जरा सावरलं की परत डबा काढताय! लोक सोडायसाठी गोळ्या घेतात, च्युइंगम चघळतात, तरी जमत नाही त्यांना. आणि साधा साधा काय लावलंय, चव साधी असेल, निकोटिन साधं नाहीये. बर्लीत ते व्हर्जिनियापेक्षा बहुतेक वेळा जास्तच असतं. कितीतरी दिवस गॅप पडलाय, पोटात मऊ भात, अर्ध्या पाईपातच घाम फुटून चक्कर आली की कळेल.

सराफा_रात्री
वहिनी पण पाईपवाला धूर आत ओढत नाही हो, तोंडात फिरवतो नि सोडतो. सिगरेटच्या मापाने नका मोजू. माणूस महिनाभर पडून होता, त्याला जरा मन रमवायला काहीतरी लागतं की नाही? सगळंच बंद केलं तर आजारी बरा होता म्हणेल तो.

मोठी_वहिनी
आत ओढायची गरजच नाही भिया. हवेवर वाळवलेल्या पानाचा धूर अल्कलाईन असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं. फुप्फुसं थोडी वाचतील, जीभ, गाल, घसा कुठे वाचतात? तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट काय फक्त गुटख्यानेच होतात असं वाटतं का? मन रमवायचं तर पेटी वाजवा, पत्ते खेळा.

होळकरी_चहा
दोघांचं थोडं थोडं पटतंय, पण रामबागी तुम्ही एक गोष्ट बरोबर लिहिली नि तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. आजारानंतर जीभ नवी असते. माझं टायफॉइडनंतर तसंच झालं, आवडती चेरीवाली सुगंधी कॅव्हेंडिश तंबाखू साबणासारखी लागायला लागली, टाकून दिली. साधं पानच काय ते चाललं. मात्र ते पेटवलं डॉक्टरांनी सूट दिल्यावर, आणि भरपेट जेवणानंतर, उपाशी कधीच नाही. आणि जुना ब्रायर लाकडाचा पाईप काढू नका, त्यात लाटाकियाचा वास मुरलेला असतो, बर्ली भरला तरी लाटाकियाच लागेल. मक्याच्या कणसाचा वेगळा ठेवा, अमेरिकेत मिसुरीत १८६९ पासून बनवतात. आपण भुट्ट्याचा कीस करून खातो, ते उरलेल्या बुरखुंड्याचा पाईप करतात, काहीच वाया नाही.

मोठी_वहिनी
आता पाककृती पण द्या!! मी विचारते, डॉक्टरांना यांनी सांगितलंय का की परत ओढायचा विचार आहे? की नुसतं "शेव कधी खाऊ" एवढंच विचारून आले?

रामबागी
शेवच विचारली. पाईपाचं विचारलं तर उत्तर माहीत आहे ना. पण मुद्दा माझा तो नव्हता, ओढायचाच असेल तर काय ओढावा हा होता. आणि निकोटिनचं ते बरोबर आहे, बर्ली चढतो, म्हणूनच तर अर्धा म्हटलं.

सराफा_रात्री
अर्ध्याचाही पाव करा मग.

मोठी_वहिनी
पावाचं शून्य करा. पुढची एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) झाली की रिपोर्ट दाखवताना डबा पण बरोबर न्या, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा. इथे आम्हाला काय विचारताय, अर्धे तर तुमच्यासारखेच बसलेत.