दोन कुलुपं: मंडळीतली फूट कशी सांधली? तुमचे अनुभव लिहा

पांढरकवड्याची लेक:
काल माळ्यावर नाताळचे कंदील शोधताना चर्चची जुनी किल्ली सापडली. आमच्या गावात सात वर्षं चर्चच्या दाराला दोन कुलुपं होती. नऊची उपासना त्यांची, अकराची आमची. भांडण छपराच्या टिनांवरून. पैसे जमले तेवढे लागले का, हा प्रश्न, आणि खजिनदार माझे बाबा. मी आठवीत. समोरच्या घरातली मैत्रीण शाळेत डबा वाटून खायची, रविवारी मात्र मान वळवायची.

मिटलं ते कापूस वेचून झाल्यावर. तीन रात्री दोन्हीकडचे अंगणात बसले आणि बाबांनी वही पहिल्या पानापासून वाचली. खिळे, वायसर, बैलगाडीचं भाडं, सुताराचा चहा. एका पानावर बेरीज चुकली होती. बाबा थांबले, म्हणाले, "इथं माझं चुकलं." पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण मला कोणी विचारायचं नाही, हा ताठा होता त्यांचा, आणि तो सात वर्षं सगळ्यांनी भोगला. पुढच्या वर्षी वही त्या आरोप करणाऱ्या काकांकडे गेली. नाव बाबांनीच सुचवलं.

वाशीमची सून:
ताई, डोळे भरून आले. तव्यावर भाकर आहे, मग लिहिते.

दर्यापूरकर:
बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा, पहिल्या मंडळीची गोष्ट. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलतात, अशी कुरकुर होती. सात जण निवडले, सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप. तुमच्या बाबांनी हेच केलं. मोठा माणूस.

मोर्शीचा भाऊ:
आमच्याइथं बाप्तिस्म्यावरून झालं. लहानपणी पाणी लावलं ते चालते का बुडवूनच घ्या लागते? सख्खे भाऊ एकमेकाच्या धुऱ्यावरून जाये ना. आमचे आबा सांगत, नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ले सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकनही अन् बाप्टिस्टही. दोन्ही रीती मान्य केल्या. बोलणी १९२९ पासून चालू होती, अन् मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा ऐन वेळी बाहेर राह्यली. आबा म्हणत, एवढ्या मोठ्यायले चाळीस वर्षं लागले, आपण बारा वर्षांत काऊन हिंमत सोडाव? शेवटी पाळकसाहेबानं दोन्ही भावायच्या नातवायले एकाच दिवशी उभं केलं, एकाले तळ्यावर, एकाले चर्चात. दोन्हीकडं सगळे गेले.

संत्रावाली:
@मोर्शीचा भाऊ, यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा? आमच्याकडं फळगळ लय.

मोर्शीचा भाऊ:
अर्धा गेला बाई.

वाशीमची सून:
आले. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या रविवारी पाळकांनी बायबलातलं मत्तय ५ वाचलं, अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर. आमचे मामंजी उठले आणि चालू उपासनेतून बाहेर गेले. आम्हाला वाटलं रागावले. ते गेले धाकट्या सासऱ्यांच्या घरी, चार वर्षांनी. मंडळी बसून राहिली, कोणी गाणंही धरलं नाही. भाकरीच्या ताटावरचा रुमाल वाऱ्यानं उडत होता, मी हातानं दाबून धरला. पाऊण तासानं दोघं आले. धाकट्यांच्या पायात चप्पल नव्हती.

नदीकाठ:
आमचं मिटलं नाही. अजून दोन नाताळ, दोन मांडव. आई दोन्हीकडे करंज्या पाठवते. तिच्यासाठी प्रार्थना करा.

वाशीमची सून:
करते गं. आईला सलाम सांग.

दर्यापूरकर:
आईंनी पाठवणं सोडू नये. कोणीतरी दोन्ही घरी जाणारं लागतं.

संत्रावाली:
आमच्या फुटीत पेटी तशीच कुलुपात राहिली, भाता उंदरांनी खाल्ला. आता एकत्र आलो तर वाजवायला पेटी नाही. अमरावतीत दुरुस्त करणारं कोणी आहे का?

पांढरकवड्याची लेक:
आमच्या काकांना येतं, तेच ते वहीवाले. फोटो टाका, विचारते.