तीन दिवसांत नऊ कार्यक्रम : ही यादी की हजेरीपट?

मागची_रांग

शहरात या आठवड्यात काय चुकवू नये, याची एक यादी परवापासून फिरते आहे. भटक्या_शनिवार यांनी ती इथे डकवली आणि वर स्वतःचं वेळापत्रक जोडलं. शुक्रवार ते रविवार, नऊ कार्यक्रम. एकट्या शनिवारी सकाळी १० ला जलरंगांचं प्रदर्शन, १२ ला शिल्पसंग्रहालय, ३ ला नाटक, ६ ला ऑर्केस्ट्रा (पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंद) आणि रात्री ९ ला मैदानावरचा बँड. शेवटी सल्ला : "तिकीट जमेल तेवढं पुढचं काढा, पहिली रांग मिळाली तर सोनंच."

उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

आधी घड्याळ. ३ चं नाटक मध्यंतर धरून अडीच तासांचं असेल तर साडेपाचला पडदा पडणार. भरलेलं प्रेक्षागृह रिकामं व्हायला दहा-पंधरा मिनिटं. उरलेल्या पंधरा मिनिटांत पुढचं सभागृह गाठायचं. ऑर्केस्ट्राची दारं वेळेवर लागतात आणि उशिरा आलेल्यांना साधारणपणे पहिली रचना संपेपर्यंत आत घेत नाहीत. ती आठ-दहा मिनिटांची ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, असेल तर निभावलं. चाळीस मिनिटांची सिंफनी, म्हणजे अनेक भागांची लांब रचना, असेल तर बसा बाहेर बाकावर. कार्यक्रमपत्रिकेतला क्रम आधी बघायचा तो यासाठी.

आता सकाळ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका चित्रापुढे किती थांबतात हे मोजून २००१ मध्ये निष्कर्ष छापले गेले. सरासरी २७ सेकंद, मध्यक १७. म्हणजे अशा घाईच्या वेगानेही दीडशे चित्रांना तासभर जातो, तोही सगळा उभ्याने. संग्रहालयातल्या थकव्यावर बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच लिहून ठेवलंय. वाकून, मान तिरकी करून काचेतल्या वस्तू बघणाऱ्या माणसाचे फोटोच काढले होते त्यांनी. त्यानंतर लगेच १२ ला शिल्पं? शिल्पाला तर चारी बाजूंनी फिरावं लागतं.

आणि जलरंग १० ला उन्हातून थेट आत शिरून बघायचे नसतात. कागदावरच्या कामांवर प्रकाश साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) ठेवतात, तैलचित्रांना २०० च्या आसपास चालतो. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतो. पहिली पाच-दहा मिनिटं डोळ्यांना फिकट निळा आणि राखाडी यांतला फरकच कळत नाही. लोक म्हणतात चित्रं मळकट टांगलीत. पहिल्या दालनात बाकावर बसा, फोनचा पडदा बंद ठेवा, मग सुरुवात करा.

माझं म्हणणं एवढंच. यादीतलं काय *पुन्हा मिळणार नाही* ते आधी शोधा. कागदावरची कामं प्रकाशाने उडतात, म्हणून तीन-चार महिने टांगली की बऱ्याचदा काही वर्षं पेटीत जातात. ते प्रदर्शन रविवारी संपतंय. दगडी शिल्पं कायमच्या संग्रहातली आहेत, ती पुढच्या वर्षीही तिथेच उभी असतील. यादीत मात्र दोन्हींपुढे सारख्याच तीन चांदण्या!

भटक्या_शनिवार

अहो मालक, यादी म्हणजे शपथपत्र नव्हे. नऊपैकी नऊ केलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? मोठ्या शहरात तीन दिवसांपुरते आलेले लोकही असतात. पुढच्या वर्षी शिल्पं तिथेच असतील, माणूस असेलच असं नाही.

आणि तुम्हाला शिस्तच हवी असेल तर ही घ्या.

वेळ ठरवून प्रवेश देणाऱ्या प्रदर्शनात सकाळी १० चा पहिला गट सगळ्यात गर्दीचा असतो, कारण "उघडल्या उघडल्या जाऊ" हे सगळ्यांनाच सुचतं. शेवटच्या दोन तासांतला गट घ्या. पहिलं दालन सोडून थेट शेवटच्या दालनात जा आणि उलटे या. गर्दी नेहमी पहिल्या दोन दालनांत तुंबते, कारण तिथे लोक प्रत्येक पाटी वाचतात. तिसऱ्यापासून पाट्या सुटतात, पाचव्यापासून चित्रं.

नाटक "हाऊसफुल्ल" दिसलं म्हणून सोडू नका. पाहुण्यांसाठी आणि तांत्रिक कामासाठी धरून ठेवलेल्या खुर्च्या बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी सोडतात. परत आलेली तिकिटंही प्रयोगाआधीच्या तासाभरात फिरतात. एकट्याला हमखास मिळतं. चौघांना शेजारी-शेजारी हवं असेल तर विसरा.

काटकोन

नऊ की एक ते तुम्ही दोघं बघा. पण "पहिली रांग म्हणजे सोनं" हे लिहिणाऱ्याने नृत्याचा कार्यक्रम पाहिलाय का कधी?

रंगमंचाची उंची मीटरभर धरा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्याही आत. म्हणजे मंचाची फळी जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येते. पुढच्या नर्तकाची पोटरी दिसते, मागच्या आठ जणांची रचना दिसत नाही. गोल केला की ओळ केली, सगळं एकच. समूहनृत्य बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगांतून बघायचं असतं, तिथून जमिनीवरची नक्षी उलगडते. नाटक असेल तर वीस मीटरच्या आत बसा, त्यापलीकडे चेहऱ्यावरचे बारीक भाव हरवतात. पाचवी ते दहावी रांग, विषय संपला.

फेडरवाला

विषय संपला नाही. आवाजाचं काय?

मैदानावरच्या बँडला पहिली रांग म्हणजे कानांना शिक्षा आणि वर गाणंही अर्धंच. मुख्य स्पीकर दोन बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीवर. अगदी पुढच्यांना मिळतं काय? कलाकारांच्या मॉनिटरचा (त्यांना स्वतःला ऐकायला लावलेल्या स्पीकरचा) मागून गळणारा आवाज, ड्रमचा थेट दणका आणि मंचाच्या कडेवरचे लहान स्पीकर. गायकाचे शब्द त्यात चेपतात.

उभं कुठे राहायचं? मिक्सरचा, म्हणजे आवाज जुळवणाऱ्या तंत्रज्ञाचा, चौथरा शोधा आणि त्याच्या थोडं पुढे, मध्यरेषेपासून जरा बाजूला थांबा. तो माणूस जे ऐकून फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) हलवतोय तेच तुम्हाला ऐकू येईल. बरोब्बर मध्यावर नको, कारण डाव्या-उजव्या सबवूफरचा (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा) खर्ज तिथे जोडला जाऊन फुगतो. बाजूला काही पट्टे असे असतात की खर्ज गायबच. ६० हर्ट्झची लाट ५.७ मीटरची, दोन्हीकडच्या अंतरात त्याच्या निम्म्याचा, म्हणजे २.८५ मीटरचा फरक पडला की दोन आवाज एकमेकांना मारतात. "आज साऊंड बेकार" म्हणण्याआधी तीन पावलं सरकून बघा.

विनामाईक

वा. म्हणजे आधी गाणं विजेच्या तारेतून काढायचं आणि मग कुठे उभं राहिल्यावर ते कमी वाईट लागतं याचा नकाशा विकायचा.

व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचं सुवर्ण सभागृह १८७० चं आहे. रुंदी १९ मीटरच्या आसपास, खोक्यासारखा आकार. बाजूच्या भिंती जवळ, त्यामुळे पहिले परावर्तित आवाज लगेच आणि दोन्ही कानांना वेगवेगळे पोचतात. आवाज अंगाभोवती येतो तो यामुळे. बॉस्टनचं सिंफनी हॉल १९०० चं. तिथे भौतिकशास्त्रज्ञ सॅबिन यांनी घुमाऱ्याचं (आवाज थांबल्यावरही सभागृहात रेंगाळतो त्याचं) गणित आधी मांडलं आणि मग भिंती उभ्या राहिल्या. एकही माईक न लावता दोन्ही ठिकाणी मागच्या रांगेपर्यंत व्हायोलिन पोचतं. या आठवड्याच्या यादीत बिनमाईकचा ऑर्केस्ट्रा एकच आहे आणि तो नाटक-बँडच्या मधे कोंबलाय. त्या एकासाठी बाकीचे आठ सोडले तरी चालतील.

फेडरवाला

झाली व्हिएन्नाची आरती? आता दुसरी बाजू. लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडलं आणि घुमटावरून येणारा प्रतिध्वनी आटोक्यात आणायला १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगाव्या लागल्या. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं फिलहार्मोनिक हॉल १९६२ चं. आवाजावरून इतकी ओरड झाली की १९७६ मध्ये आतून पार उसवून परत बांधलं, आणि पुन्हा आमूलाग्र बदलून २०२२ मध्ये उघडलं. तिथे दोष विजेच्या तारेचा होता का?

ऑर्केस्ट्राला घुमारा दोन सेकंदांच्या आसपास लागतो. नाटकातल्या बोलण्याला सेकंदभर पुरे, जास्त झाला की एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. शहरातली निम्मी सभागृहं "बहुउद्देशीय" म्हणून बांधलेली, म्हणजे दोन्हींच्या मधे लोंबकळणारी. तिथे माईक नको म्हणणं म्हणजे हट्ट.

आणि नीट लावलेला माईक कळतसुद्धा नाही. बाल्कनीखालचा स्पीकर मंचापासून २४ मीटरवर आहे समजा. मंचावरून तिथे आवाज यायला ७० मिलिसेकंद लागतात. स्पीकरला काहीच उशीर दिला नाही तर नट समोर आणि आवाज डोक्यावरून, वर मागाहून मूळ आवाज पडसादासारखा. स्पीकर ८० ते ८५ मिलिसेकंद उशिरा वाजवला की कान पहिल्या आवाजाची दिशा धरतो आणि नट मंचावरूनच बोलतोय असं वाटतं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये हे दाखवून दिलं. विनामाईक साहेब ज्या नाटकांचं "नैसर्गिक आवाज" म्हणून कौतुक करतात, त्यातली किती अशी होती ते त्यांनाही माहीत नसेल.

विनामाईक

नीट लावला तर. "नीट लावला तर" या तीन शब्दांत तुमचा सगळा धंदा मावतो.

मागची_रांग

धागा यादीवर होता. आठवण करून दिली.

काटकोन

यादी गेली खड्ड्यात, आता रांगेचं नीट होऊ द्या. विनामाईक म्हणतात "मागच्या रांगेपर्यंत व्हायोलिन पोचतं". बाल्कनी डोक्यावर असेल तर? साधा नियम आहे : बाल्कनीखालच्या जागेची खोली तिच्या तोंडाच्या उंचीपेक्षा जास्त नसावी; नाटक-ऑपेरासाठी फार तर दुप्पट. त्याहून खोल खोबणीत छताकडून येणारा आवाज शिरतच नाही, सगळं भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं लागतं. तिकीट काढताना आसनांच्या नकाशात बाल्कनीची कड कुठल्या रांगेवर येते ते बघा आणि तिच्या चार रांगा तरी पुढे बसा.

खालच्या सपाट मजल्यावर आणखी एक भानगड. आवाज खुर्च्यांच्या पाठींवरून घासत येतो आणि वाटेत १५० हर्ट्झच्या आसपासचा भाग गळतो. १९६४ मध्ये हे मोजलं गेलं. चेलो पातळ वाटतो तो या कारणाने, वादकाची चूक नसते. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत हा त्रास फार कमी.

विनामाईक

खुर्च्यांचा मुद्दा बरोबर. निमूटपणे मान्य करतो, पुरावा म्हणून जपून ठेवा.

पण मग मंचामागच्या जागा का नाही सुचवत कोणी? १९६३ च्या बर्लिन फिलहार्मोनीपासून प्रेक्षक वादकांच्या चारी बाजूंना बसवायची पद्धत रुळली. मागून कंडक्टरचा चेहरा दिसतो, कुठल्या गटाला तो कधी खुणावतो ते कळतं. हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असल्याने ते मात्र अंगावर येतात, टिंपनी म्हणजे मोठे नगारेही. गायक असेल त्या दिवशी चुकूनही नको. गळ्यातले वरचे स्वर पुढे जातात, मागे व्यंजनंच पोचत नाहीत.

बोळेवाली

मैदानावरच्या कार्यक्रमाबद्दल एवढं लिहिलंत, कानांबद्दल अक्षर नाही. फेडरवाला, हे खास तुमच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ चं मानक म्हणतं, सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नका, मोजायचं १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांत. कामाच्या जागेचा NIOSH या अमेरिकी संस्थेचा निकष याहून कडक : ८५ ला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला पोचेपर्यंत पंधरा मिनिटं उरतात, बँड दोन तास वाजवतो.

कानात घालायचे फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, म्हणून गाणं घोंगडीखाली गेल्यासारखं लागतं आणि लोक दहा मिनिटांत काढून टाकतात. वादक वापरतात ते सगळे स्वर सारखे कमी करणारे, १५ डेसिबलचे घ्या. फोमचेच असतील तर आधी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवा. अर्धे बाहेर लोंबणारे बोळे म्हणजे नुसता दागिना.

फेडरवाला

मिक्सरवरचा माणूसही बोळे घालतो, फक्त सांगत नाही. घ्या, दिला कबुलीजबाब.

भटक्या_शनिवार

मंडळाच्या हुकुमावरून सुधारित शनिवार : जलरंग दुपारी ४ चा गट, मागच्या दालनापासून. मग ऑर्केस्ट्रा, बाल्कनीची पहिली रांग. ३ चं नाटक रविवारी ढकललं, सातवी रांग, परत आलेल्या तिकिटाच्या आशेवर. शिल्पं आणि शुक्रवार-रविवारचे बाकीचे रद्द. बँडला जाणार आहे, बोळे घालून, मिक्सरजवळ. नवाचे चार झाले, खूश?

मागची_रांग

चारही चालतील. उलट्या दालनांची युक्ती चांगली आहे, ते मूळ यादीत लिहिलं असतंत तर हा धागा निघालाच नसता. आता एक बघा : ४ ला शिरलात तर ऑर्केस्ट्रासाठी साडेपाचला निघावं लागेल. २ चा गट घ्या.

काटकोन

आणि बाल्कनीच्या पहिल्या रांगेत कठड्याची दांडी बघून घ्या. बुटक्या माणसाच्या नेमकी डोळ्यांसमोर येते. दुसरी रांग घ्या.

विनामाईक

पहिलीच घ्या. आवाजासाठी जाताय की बघायला?

काटकोन

झालं पुन्हा सुरू.